फेरमापणीला जाण्याआधी

(जिल्हा बैठकीतील भाषणाचा मजकूर)



आता ज्या विषयावर बोलायचे आहे तो सभेत सहसा निघत नाही. तो निघतो सभा संपल्यावर, मंडपाच्या कडेला. पिशवीतून प्लॅस्टिकच्या कागदात गुंडाळलेला दाखला बाहेर येतो आणि प्रश्न येतो, "टक्के कमी लावलेत. अपील करू का?"

मळणी यंत्रात हात गेलेला, कडबाकुट्टीत बोटे गेलेली, ट्रॅक्टर उलटून गुडघा कायमचा आखडलेला, उसाच्या ट्रॉलीखाली पाय सापडलेला माणूस कोणाच्या ना कोणाच्या भावकीत आहेच. सरकारी कागदावर आता 'दिव्यांग' लिहितात, गावात अपंग म्हणतात. शब्द कोणताही वापरा, पेरणीच्या दिवसात त्या घराला एक गडी जास्तीचा लावावा लागतो. हा खर्च कोणत्याही दाखल्यावर लिहिलेला नसतो.

अशा माणसाला कमी दिले असेल तर त्याने भांडले पाहिजे, याबद्दल आमच्या मनात शंका नाही. पण अपील करू का, या प्रश्नाला आम्ही डोळे झाकून 'करा' म्हणत नाही. बाजार समितीत काट्याबद्दल शंका आली तर आपण फेरवजन मागतो. फेरवजन मागितले की पोते पुन्हा काट्यावर चढते. वजन जास्त भरेल तसे कमीही भरू शकते. अपंगत्वाच्या अपिलाचे नेमके तसेच आहे, आणि ही गोष्ट अर्ज लिहून देणारे बहुधा सांगत नाहीत.

जमिनीच्या दाव्याची सवय

आपल्या लोकांना अपिलाची ओळख झाली ती जमिनीमुळे. धरण आले, कालवा आला, रस्ता आला, जमीन गेली. भूसंपादन अधिकाऱ्याने निवाडा दिला. पैसे हरकत नोंदवून उचलले आणि वाढीव मोबदल्यासाठी कलम 18 खाली अर्ज केला. त्या 1894 च्या कायद्यात कलम 25 होते. 1984 च्या दुरुस्तीनंतर त्याचा अर्थ सरळ होता: कोर्ट जी रक्कम ठरवील ती भूसंपादन अधिकाऱ्याने दिलेल्या रकमेपेक्षा कमी असणार नाही. वाढले तर वाढले, नाही तर वकिलाचा खर्च गेला. मूळ रकमेला धक्का नाही.

तो कायदा 1 जानेवारी 2014 पासून गेला, पण त्याने लावलेली सवय राहिली. 'अपील केले म्हणून हातातले कुठे जाते?' असे आपण धरून चालतो. अपंगत्वाच्या बाबतीत हे धरून चालू नका. अपंग व्यक्तींच्या हक्कांचा कायदा 2016 चा आहे. तो 19 एप्रिल 2017 पासून लागू झाला. दाखल्याविरुद्ध अपील करण्याचा हक्क त्याच्या कलम 59 मध्ये आहे. मात्र अपिलात टक्के कमी करता येणार नाहीत, असे आश्वासन त्या कलमात नाही. जमिनीच्या कायद्यात खाली जाण्याचे दार बंद होते. इथे ते बंद नाही.

शिडीला पायऱ्या दोनच

म्हणून पहिला प्रश्न असा: टक्के वाढले तर नेमके काय मिळणार?

टक्का म्हणजे पैसा, 46 टक्क्यांचे 60 झाले की पगारही त्या मानाने वाढेल, असा पुष्कळांचा समज आहे. तसे काही नाही. कायद्याने लाभासाठी जी मोठी रेघ आखली आहे ती 40 टक्क्यांवर आहे. दुसरी रेघ 80 टक्क्यांवर आहे. 2024 च्या नियमांनंतर ओळखपत्राचे रंगही याच हिशेबाने ठरले आहेत. 40 च्या खाली पांढरे, 40 पासून 80 च्या आत पिवळे, 80 आणि त्यावर निळे.

आता हिशेब करू. समजा एका शेतकऱ्याचा गुडघा आखडला आहे, दाखला 46 टक्क्यांचा आहे आणि संजय गांधी निराधार योजनेचा पगार सुरू आहे. राज्य सरकारने ऑक्टोबर 2025 पासून अपंगांसाठी ही रक्कम महिना 1,500 वरून 2,500 रुपये केली. म्हणजे वर्षाचे 30,000 रुपये झाले. हा माणूस अपिलात गेला आणि 60 टक्के झाले, तर पगार 2,500 च राहणार. फेरतपासणीत 38 टक्के निघाले तर पगार बंद. एका पारड्यात शून्य आणि दुसऱ्या पारड्यात दरसाल 30,000. असा सौदा कोणता शेतकरी करील? तरी अशी अपिले होतात, कारण शेजाऱ्याच्या दाखल्यावर 55 लिहिलेले असते आणि ते मनाला लागते.

76 टक्केवाल्यांनी 80 साठी जावे का? केंद्राच्या इंदिरा गांधी अपंग निवृत्तिवेतन योजनेला 80 टक्के लागतात, शिवाय दारिद्र्यरेषेच्या यादीत नाव लागते. त्यात केंद्राचा वाटा महिना 300 रुपयांचा आहे. आधी तहसीलमध्ये विचारा की आपल्या हातात पडणाऱ्या एकूण रकमेत खरोखर फरक पडतो का. फरक पडत नसेल तर चार टक्क्यांसाठी 76 पणाला लावू नका.

37 टक्केवाल्याचे गणित वेगळे आहे. त्याच्या हातात पगार नाही, गमवायला काही नाही, आणि तीन टक्क्यांच्या पलीकडे वर्षाचे 30,000 आहेत. त्याने कागद नीट लावून अपील जरूर करावे. दोघांचीही तक्रार टक्के कमी लागल्याचीच आहे. पण एकाने घरी बसण्यात शहाणपण आहे आणि दुसऱ्याने भांडण्यात.

आणखी एक गोष्ट. गोपीनाथ मुंडे शेतकरी अपघात योजनेत टक्केवारीचा हा हिशेबच नाही. विमा कंपन्यांमार्फत चालणारी ही योजना 2023 पासून सरकारच्या थेट सानुग्रह अनुदानाची झाली. तिच्यात मृत्यूला 2 लाख, दोन डोळे किंवा दोन अवयव किंवा एक डोळा आणि एक अवयव गेला तर 2 लाख, आणि एक डोळा किंवा एक अवयव गेला तर 1 लाख रुपये आहेत. त्यामुळे असे होते की एक डोळा गेलेल्या शेतकऱ्याला या योजनेत 1 लाख मिळतात, पण दुसरा डोळा चांगला असला तर दाखला 30 टक्क्यांचाच निघतो आणि निराधारचा पगार बसत नाही. त्याला वाटते डॉक्टरने अन्याय केला. डॉक्टरने तक्त्याप्रमाणे लिहिलेले असते. तक्ता बदलून घ्यायचा तर सरकारशी भांडावे लागेल, सिव्हिल हॉस्पिटलच्या डॉक्टरशी भांडून उपयोग नाही.

पुन्हा मोजतात म्हणजे काय

अपिलात जुना दाखला पुढे ठेवून त्यावर बेरीज-वजाबाकी करतात, असे समजू नका. शरीर पुन्हा तपासले जाते. गुडघा किती अंश वाकतो, पंजात ताकद किती, हे त्या दिवशी जे भरेल ते भरेल. अपघातानंतर सहा महिन्यांनी आखडलेला सांधा दोन वर्षांच्या व्यायामाने थोडा सुटलेला असतो. माणसाला ते चांगलेच आहे, पण टक्का त्यामुळे उतरतो. तुटलेल्या बोटाचे तसे नाही, ते कितीही वेळा मोजले तरी तेवढेच. म्हणून तुटलेला अवयव आणि आखडलेला सांधा यांच्या अपिलात जोखीम सारखी नाही. सांध्याच्या बाबतीत दहादा विचार करा.

दाखला 'कायम' आहे की ठरावीक मुदतीचा, हेही पाहा. कायमचा दाखला हातात असणे ही मिळकत आहे. वर्षा-दोन वर्षांनी पुन्हा सिव्हिलच्या रांगेत उभे राहण्यापासून तो सुटका करतो. अपिलात आपण टक्क्यांबरोबर तो शिक्काही पुन्हा तपासायला देतो. दाखला मुदतीचाच असेल तर मुदत संपल्यावर तपासणी होणारच आहे. 40 च्या वरच्या माणसाने मधल्या काळात उपचाराचे कागद जमवावेत, आपणहून काट्यावर चढू नये.

अपील करायलाच हवे तेव्हा

हे ऐकून कोणी घाबरून घरी बसू नये. आपण घाबरून बसलो तर चुकीचे दाखले तसेच राहतात. काही बाबतीत अपील करायलाच हवे.

एक, दाखला नाकारला असेल तर. नाकारण्याचे कारण लेखी मागा. कारणाचा कागद हातात आल्याशिवाय अपिलात काय लिहिणार?

दोन, एखादी इजा मोजायचीच राहिली असेल तर. समजा अपघातात एक डोळा गेला, त्याचे 30 टक्के झाले. त्याच अपघातात हाताची बोटे गेली, त्याचे 20 टक्के होतात. डोळ्याच्या डॉक्टरने डोळा पाहिला आणि 30 चा दाखला दिला, हाताकडे कोणी पाहिलेच नाही. इथे 30 आणि 20 मिळून 50 होत नाहीत. त्यासाठी सूत्र आहे. 90 मधून मोठा आकडा वजा करायचा, उरलेल्याला लहान आकड्याने गुणायचे, 90 ने भागायचे आणि आलेले मोठ्या आकड्यात मिळवायचे. 90 मधून 30 गेले 60, त्याला 20 ने गुणले 1,200, भागिले 90 म्हणजे 13 आणि थोडे वर. एकूण 43 टक्के. माणूस 40 च्या रेघेपलीकडे गेला! असे अपील जिंकण्यासारखे असते, कारण भांडण डॉक्टरच्या मताशी नसते, राहून गेलेल्या मोजमापाशी असते.

तीन, नाव, अवयवाची बाजू, तारीख किंवा बेरीज चुकली असेल तर. पण इथे आधी दुरुस्तीचा अर्ज करावा. खरचटल्यावर मलम लावतात, ऑपरेशन करीत नाहीत.

अपील करायचे ठरले तर मुदत विचारून घ्या आणि पाकिटावरचा टपालाचा शिक्का जपून ठेवा. निर्णय कधी हातात पडला याचा तोच पुरावा असतो.

न्यायाधिकरणाचा निकाल आणि हायकोर्ट

रस्त्यावरच्या अपघाताचे प्रकरण मोटार अपघात दावा न्यायाधिकरणात जाते. तिथे आकडे मोठे असतात, म्हणून जोखीमही मोठी.

समजा 10 लाख मागितले आणि न्यायाधिकरणाने 6 लाख दिले. 90 दिवसांत हायकोर्टात अपील करता येते. वादातली रक्कम 1 लाखाच्या आत असेल तर 2022 पासून अपीलच चालत नाही. आपण वाढीसाठी गेलो की विमा कंपनीला नोटीस जाते. तोपर्यंत कंपनीने 6 लाख भरून फाइल बंद करायचे ठरवलेले असू शकते. नोटीस मिळाल्यावर तिला एक महिन्याच्या आत स्वतःच्या उलट हरकती घालता येतात. वकील त्याला क्रॉस ऑब्जेक्शन म्हणतात. उत्पन्न जास्त धरले, अपंगत्व जास्त धरले, ट्रॅक्टरच्या मडगार्डवर बसलेल्या माणसाचा विमाच नव्हता, असे मुद्दे त्यात येतात. हा शेवटचा मुद्दा फार वाईट. ट्रॅक्टरवर जागा चालकापुरती असते. कंपनी सुटली तर बोजा ट्रॅक्टरमालकावर येतो, आणि तो मालक बहुतेक वेळा आपलाच बांधशेजारी असतो. वसुली त्याच्याकडून कशी होणार, हे गावाला ठाऊक आहे.

हे अंगाशी येते आहे असे दिसले की अपील मागे घेऊ, असे कोणी म्हणेल. दिवाणी प्रक्रिया संहितेत स्पष्ट लिहिले आहे की मूळ अपील मागे घेतले तरी समोरच्याच्या उलट हरकतींचा निकाल लावता येतो. दावे आपण सोडतो, गाडी मात्र चालूच राहते.

दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. 2011 साली सर्वोच्च न्यायालयाने म्हटले आहे की, अपील फक्त जखमीचे असेल आणि हायकोर्टाला रक्कम कमी असायला हवी होती असे वाटले, तरी ते जखमीचे अपील फेटाळेल. रक्कम कमी करायची तर समोरच्याचे अपील किंवा उलट हरकत असावी लागते. म्हणून वकिलाला दोन प्रश्न नेमके विचारा. आपला मुद्दा किती पक्का आहे? आणि कंपनीकडे उचलण्यासारखा मुद्दा कोणता आहे? दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर जो वकील देत नाही, त्याचे पहिले उत्तरही पक्के समजू नका.

न्यायाधिकरणात दाखल्यावरचा टक्का हे अखेरचे माप नाही, हे लक्षात ठेवा. सर्वोच्च न्यायालयाने 2010 च्या एका निकालात हे समजावून दिले आहे. डावा हात गेला तर शरीराचे अपंगत्व 60 टक्क्यांच्या आसपास भरेल, पण तो माणूस ड्रायव्हर किंवा सुतार असेल तर कमाईचे नुकसान जवळजवळ शंभर टक्के होऊ शकते, आणि सरकारी कारकून असेल तर नोकरी जाणारही नाही. म्हणून सिव्हिलमध्ये टक्के वाढवण्याच्या मागे लागण्यापेक्षा, हात गेल्यावर शेतातले कोणते काम होत नाही हे न्यायाधिकरणापुढे पुराव्याने मांडा. 2003 च्या दुसऱ्या एका निकालात न्यायालयाने म्हटले, शेतकरी गेला तरी जमीन घरातच राहते, तेव्हा नुकसान मोजताना शेती पाहायला माणूस ठेवावा लागेल हे लक्षात घ्यायचे. जखमी शेतकऱ्यालाही समोरचा वकील हेच ऐकवतो. मग अपघातानंतर गडी किती लावले, मजुरी किती दिली, नांगरट भाड्याने किती पडली, याची वही ठेवा. पहिल्या दिवसापासून ठेवलेली वही साक्षीदारापेक्षा जास्त बोलते.

दोन कचेऱ्या, दोन उत्पन्ने

आता सगळ्यात नाजूक गोष्ट. निराधारच्या पगारासाठी उत्पन्नाची मर्यादा इतकी खाली आहे की तहसीलच्या दाखल्यावर उत्पन्न अगदी थोडे दिसते. तोच माणूस न्यायाधिकरणात सांगतो की ऊस, दूध, भाजीपाला मिळून आपण वर्षाला तीन लाख कमावत होतो. दोन्ही कागद एकाच माणसाच्या सहीचे. विमा कंपनीचा वकील तहसीलमधून उत्पन्नाचा दाखला मागवतो आणि उलटतपासणीत विचारतो, "यातले खरे कोणते?" या प्रश्नाने एकाच वेळी दावा पडू शकतो आणि पगारही बंद होऊ शकतो.

शेतीच्या उत्पन्नाचा खरा आकडा काढायला सरकारला कधी जमले नाही, हे आपण पूर्वीपासून सांगत आलो आहोत. पण ती तक्रार उलटतपासणीत उपयोगी पडत नाही. तिथे उपयोगी पडते ती एकच गोष्ट: सगळ्या कचेऱ्यांत एकच आकडा. अपघातापूर्वीचे उत्पन्न किती आणि अपघातानंतरचे किती, हे वेगळे वेगळे लिहा. दोन्ही खरे लिहा. कारखान्याच्या उसाच्या पावत्या, दूध संघाचे कार्ड, आडत्याच्या पट्ट्या आकड्याला जोडा. अपिलाची तयारी वकिलाच्या दारात सुरू होत नाही, ती उत्पन्नाचा दाखला काढताना सेतू केंद्रात सुरू होते.

टक्का वाढवून देणारे

तालुक्याच्या गावी 'इतके द्या, 60 चा दाखला आणून देतो' म्हणणारी माणसे भेटतात. जास्त लंगडून दाखवा, बोटे वळतच नाहीत म्हणा, असेही ती शिकवतात. त्यांच्या वाऱ्याला उभे राहू नका. अपंगांसाठीचा लाभ फसवून घेतला तर 2016 च्या कायद्याच्या कलम 91 खाली दोन वर्षांपर्यंत कैद, एक लाखापर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकते. एजंट पैसे घेऊन जातो, नाव दाखल्यावरच्या माणसाचे असते. आणि अशा एका दाखल्यापायी गावातल्या खऱ्या अपंगाकडेही सिव्हिलमध्ये संशयाने पाहिले जाते.

भरपाईत वाटा मागणाऱ्या वकिलालाही नकार द्या. निकालावर अवलंबून फी ठरवणे किंवा मिळालेल्या रकमेत भागीदारी करणे बार कौन्सिलच्या नियमांनी मना आहे. पैसे नाहीत म्हणून वाटा देतो, असेही कोणी म्हणू नये. 1987 च्या विधी सेवा प्राधिकरण कायद्याच्या कलम 12 प्रमाणे अपंग व्यक्तीला मोफत वकील मिळण्याचा हक्क आहे. जिल्हा न्यायालयात विधी सेवा प्राधिकरणाचे कार्यालय असते. तिथे साधा अर्ज करायचा.

आता ठरवायचे काय

मंडपाच्या कडेला विचारल्या जाणाऱ्या प्रश्नाचे उत्तर आम्ही पाच प्रश्नांनी देतो. आज हातात काय आहे? अपील जिंकले तर त्यात रुपयांत किती भर पडेल? हरले तर हातातले किती जाईल? चूक दाखवणारा कागद आहे, की नुसते वाटते आहे? आणि समोरच्याकडे उचलण्यासारखे काय आहे? पाचही उत्तरे एका कागदावर लिहा, घरच्या बाईमाणसांना वाचून दाखवा. पगारावर किराणा कोण भरते हे त्यांना ठाऊक असते, त्यांचे मत घ्या. मग ठरवा.

आमची कार्यकर्त्यांना विनंती आहे की प्रत्येक तालुक्यात एकाने हे काम अंगावर घ्यावे. अपंगांचे दाखले, त्यांच्या तारखा, मुदती आणि अपिलांचे निकाल एका वहीत उतरवावेत. कोणत्या चुका पुन्हा पुन्हा होतात हे वहीतून दिसेल, आणि एकेकट्याने अपील करण्याऐवजी सगळ्यांच्या वतीने सिव्हिल सर्जनकडे एकदम जाता येईल. एकट्या माणसाला फेरवजन मागताना पोते पणाला लावावे लागते. काटाच तपासा, अशी मागणी दहा जणांनी मिळून केली तर कोणाचेच पोते पणाला लागत नाही.

पुढच्या जिल्हा बैठकीला येताना अशा दाखल्यांच्या झेरॉक्स घेऊन या. मूळ दाखला घरीच ठेवा.